आई, तुम्ही बसा!

"आई, तुम्ही बसा." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल याचा हिशोब नाही. पाहुण्यांना पाणी द्यायला सासूबाई उठल्या की मी आडवी यायचे. त्यांनी केरसुणी हातात घेतली की ती काढून घ्यायचे. मेथीची जुडी निवडायला जमिनीवर फतकल मारली की, "अहो, खाली कशाला, खुर्चीवर बसा ना." नवरा तेच म्हणायचा, फक्त 'तू' म्हणून. पुण्याहून नणंद फोनवर बजावायची, "वहिनी, आईला काही करू देऊ नकोस हं आता." आणि आम्ही करू दिलं नाही. सहा वर्षं आम्ही तिघांनी मिळून, अगदी मनापासून, त्या बाईच्या पायांतलं बळ काढून घेतलं.

सगळे मला चांगली सून म्हणत होते. आमच्या सांगलीत काय किंवा मुंबईत काय, चांगल्या सुनेची व्याख्या एकच, सासूला हलू न देणारी. ही व्याख्या चुकीची आहे आणि ती माणसांना अंथरुणाला खिळवते आहे. या आठवड्यात मला फक्त एवढंच सांगायचं आहे.

मागच्या आषाढात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. वय ७६. दहा दिवस दवाखान्यात. औषधं बरोबर मिळाली, ताप उतरला, फुफ्फुसं मोकळी झाली. त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण त्या दहा दिवसांत त्यांचे पाय जमिनीला किती वेळा लागले? मी मोजलंय. तीनदा. पहिल्याच दिवशी लघवीची नळी लावली, ती सातव्या दिवसापर्यंत तशीच. पलंगाचे दोन्ही कठडे वर. त्या उठायला लागल्या की वॉर्डातली मावशी ओरडायची, "आजी, उठू नका, पडाल!" तिचं तरी काय चुकलं? पेशंट पडला तर तिला जाब द्यावा लागतो. पडलेल्या पेशंटची नोंद होते, चौकशी होते. न उठवल्यामुळे ज्याचे पाय गेले, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

अमेरिकेत यावर प्रयोग झालाय. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या अकरा धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांना आजार नाही, ताप नाही, खाणंपिणं मोजून व्यवस्थित. दहा दिवसांनी पाहिलं तर प्रत्येकाच्या दोन्ही पायांतून मिळून सरासरी जवळजवळ एक किलो मांस कमी झालेलं. एक किलो! धडधाकट माणसाचं हे, तर शहात्तर वर्षांच्या, तापाने पोळलेल्या, दोन घास पेज खाणाऱ्या बाईचं काय झालं असेल?

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ होती, 'पूर्ण विश्रांती'. ती आम्ही देवाची आज्ञा असल्यासारखी पाळली. चहा अंथरुणात, जेवण अंथरुणात. आणखी तीन आठवडे.

आणि मग एका सकाळी त्या संडासातून हाक मारत होत्या. कमोडवर बसल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. दुखत काहीच नव्हतं, हाडबिड मोडलेलं नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. मी आत गेले तेव्हा त्यांनी साडी दोन्ही हातांनी गुडघ्यांवर घट्ट ओढून धरली होती आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ज्या बाईने मला स्वयंपाक शिकवला, माझी दोन बाळंतपणं काढली, तिला मी काखेत हात घालून उठवलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता नेलं तर बरं." त्या दुपारी मी विश्रांती बंद केली.

घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. वय असेल पंचवीस-सव्वीस. पहिल्या दिवशी तिने ना मशीन काढलं, ना शेक दिला. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "आजी, हात छातीवर घडी करून ठेवायचे आणि उठायचं. मग बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं बघू." ही एक साधी, जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं, तर ताकद वयाच्या मानाने कमी आहे असं धरतात. सासूबाईंना हात न टेकता एकदाही जमलं नाही. हात टेकून दोनदा. दुसऱ्यांदा उठताना मांड्या अशा थरथरत होत्या की पातळाच्या निऱ्या हलताना दिसत होत्या.

मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "या वयात ताकद परत येते का हो?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. ती म्हणाली, "ताई, स्नायूला वय कळत नाही, काम कळतं."

हे नुसतं धीर द्यायचं वाक्य नाही. १९९० सालची गोष्ट. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. हलकंफुलकं नव्हे, चांगलं दमवणारं. ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. नव्वदीत! आणि आपण साठी उलटलेल्या माणसाला म्हणतो, "आता या वयात काय व्यायाम?" हे बोलणाऱ्याला मी यापुढे तोंडावर सांगणार आहे की तुमची माहिती पस्तीस वर्षं जुनी आहे.

झीज होते, ती खोटी नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. दोन ग्रीक शब्द, मांस आणि उणीव. माझी आजी याला 'मांस झडलं' म्हणायची, तेही तेच. पण पान झडतं तसं हे आपोआप पूर्ण झडत नाही. निम्मं आपण झाडतो.

कसं झाडतो ते बघा. सासूबाई या घरात आल्या तेव्हा चूल खाली होती. विळी खाली, पाटा-वरवंटा खाली, जेवण पाटावर, झोपणं गादीवर आणि गादी रोज घालायची, रोज उचलायची. संडास उकिडवं बसायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी ही बाई जमिनीवर बसत होती आणि जमिनीवरून उठत होती. कोणी तिला व्यायाम सांगितला नव्हता. मग ओटा आला, बरं झालं, पाठ वाचली. मग डायनिंग टेबल आलं. मग पलंग, मग कमोड, मग सोफा, आणि शेवटी आम्ही त्यांच्या पंचाहत्तरीला ती पाय वर येणारी, बटणाची खुर्ची आणली. तिच्यातून उठायलाही बटण. प्रत्येक वस्तू आली तेव्हा सोय म्हणून आली आणि एकेक उठबस घेऊन गेली. चाळिसाच्या दहा झाल्या, दहाच्या चार. त्या चारांवरही आमचं "तुम्ही बसा" होतंच.

वडीलधाऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आरामखुर्ची भेट देणाऱ्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे, ते पैसे फिजिओला द्या. सहा महिने ती घरी येईल. आणि चांगल्या रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट घ्या. सपाता नकोत.

ब्राझीलच्या क्लॉडियो जिल आराउजो नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जमिनीवर बसण्या-उठण्याचंच मोजमाप प्रसिद्ध केलं. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना त्यांनी जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, कोपर, गुडघा टेकला की दर वेळी एक गुण कमी. पुढची साधारण सहा वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण अगदी कमी, तीन किंवा त्याखाली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. उठता न येण्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. पण जमिनीवरून उठायला ताकद, तोल, लवचीकपणा हे सगळंच लागतं आणि ते सगळं शाबूत आहे की नाही ते या एका हालचालीत दिसतं. जी परीक्षा आमच्या आज्या रोज चाळीस वेळा द्यायच्या, ती जगाला रिओमधून शिकावी लागते.

आता कोणी म्हणेल, डॉक्टरच सांगतात मांडी घालू नका, जिने चढू नका. सांगतात, आणि गुडघा सुजलेला असताना किंवा सांधा पार झिजलेला असताना ते बरोबरही आहे. पण तोच कागद सगळ्यांच्या हातात कसा पडतो? पन्नाशीच्या बाईला जरा गुडघा दुखला की 'जिने बंद'. पुढे काय चालू करायचं ते कोण सांगणार? गुडघ्याच्या संधिवाताच्या उपचारात व्यायाम पहिल्या ओळीत येतो, हे जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर असेल तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. 'हे करू नका' लिहायला दहा सेकंद लागतात आणि 'हे करा' दाखवायला वीस मिनिटं, म्हणून पहिलंच लिहिलं जातं. पेशंटने ती वीस मिनिटं हक्काने मागावीत. गुडघा बदलून घेतला तरी तेच. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, चांगलं केलं, पुष्कळांना ऑपरेशन परवडू लागलं. पण ऑपरेशनने सांधा नवा मिळतो, स्नायू जुनाच असतो. तो घरी येऊन आपल्यालाच कमवावा लागतो.

छातीत दुखतं, चक्कर येते, बीपीची गोळी घेतल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, नुकतं हाड मोडलंय, अशांनी आधी डॉक्टरांकडेच जावं. फक्त प्रश्न बदलावा. 'व्यायाम केला तर चालेल का?' असं विचारलं की उत्तर 'जपून' असं येतं. 'कोणता करू आणि किती करू?' असं विचारा.

आणि चालणं. चालणं उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण 'मी रोज फिरायला जातो' म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांत पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस. हा अर्धा भाग आपल्याकडे कोणाच्या कानावरच जात नाही. पडण्यापासून वाचवतो तो हाच भाग. पडण्याने जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं जातात, हाही त्याच संघटनेचा आकडा. खुब्याचं हाड मोडलं की वर्षभरात साधारण पाचातला एक तरी जातो आणि उरलेल्यांतले बरेच पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. हे प्रत्येक घराला माहीत आहे. प्रत्येक घरात एक तरी 'पडल्या आणि मग गेल्याच' अशी गोष्ट आहे. पडायच्या आधीच्या पाच वर्षांत त्यांनी किती उठबस केली होती, हे मात्र त्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

नगरपालिकांनी गावोगावी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली. माणसं एकत्र येतात, बोलतात, एकटेपणा कमी होतो, याची किंमत मोठी आहे. पण आत जाऊन बघा, खुर्च्या, कॅरम, वर्तमानपत्रं, पुन्हा खुर्च्या. भिंतीला कमरेच्या उंचीवर एक साधा पाइप बसवायला किती खर्च येतो? तो धरून वीस माणसं रोज टाचा उचलतील, एका पायावर उभी राहतील. बागेत 'ओपन जिम' म्हणून लोखंडी यंत्रं उभी केली, त्यांतली निम्मी गंजली आणि उरलेल्यांवर शाळेतली मुलं झोके घेतात, कारण आजींना ती वापरायची कशी हे दाखवायला तिथे कोणी नाही.

एसटीचं घ्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. सासूबाईंना त्याचा आनंद आमच्याहून जास्त झाला होता. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणं हा त्यांचा नेम. दत्ताचं दर्शन, घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेच्या पाण्याला हात लावायचा, येताना पेढे. तिकीट माफ झालं, पण गाडीची पहिली पायरी जिथे होती तिथेच आहे, गुडघ्याच्या उंचीला. ती चढायला एका पायावर सगळं अंग उचलावं लागतं. आजारपणाच्या आधीच्या वर्षभरात त्या वाडीला जायचं टाळू लागल्या होत्या. "गर्दी असते गं," म्हणायच्या. गर्दी नव्हती, पायरी होती. हे मला तेव्हा कळलं नाही याचं आज फार वाईट वाटतं. माणूस उंबरठ्याबाहेर जायचं टाळतो तेव्हा तो कारण सांगत नाही, निमित्त सांगतो. घरच्यांनी निमित्ताच्या मागे बघायला हवं. आणि महामंडळानेही एक खाली ओढता येणारी पायरी बसवावी, ही मागणी मी इथे जाहीरपणे करते.

बसवरून आठवलं. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यावर जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. एकच बस, पण हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले. आमच्या घराची कंडक्टर सासूबाई होत्या. वर-खाली, आत-बाहेर, गच्चीवर पापड, परसात तुळस. आम्ही त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर नेऊन बसवलं, आणि चाकही त्यांच्या हातात दिलं नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं पोट भरलेल्यांचं बोलणं होईल. काम आणि व्यायाम एक नव्हे. आमच्याच जिल्ह्यात ऊसतोडीला येणाऱ्या बायका आहेत, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या. पन्नाशीत त्यांचं शरीर मोडून गेलेलं असतं. त्यांना 'हालचाल करा' सांगणं हा अपमान आहे. त्यांना विश्रांती हवी, पोटभर डाळ-अंडी हवीत, दवाखाना हवा. आणि घरात सासूवर सगळा स्वयंपाक टाकून 'तुमच्या तब्येतीला चांगलं' म्हणणारी सूनही मला मान्य नाही. थकेपर्यंत राबवणं वेगळं आणि जे जमतं ते हातातून न काढून घेणं वेगळं. दोन्हींतला फरक त्या माणसालाच विचारला तर तो सांगतो. आम्ही विचारलंच नव्हतं.

तर आमच्या घरी काय चाललंय ते सांगते. ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ओट्याच्या कडेने एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून, दोरीवर चालल्यासारखं. एक बोट ओट्यावर ठेवून एका पायावर उभं राहणं, कुकरची एक शिट्टी होईपर्यंत. जिन्याची एकच पायरी, चढ-उतार. खाण्यात रोज वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, दही, सकाळी एक ग्लास दूध, कारण नुसत्या चहा-पोळीवर स्नायू बनत नाही.

दोन महिन्यांनी त्या मुलीने जमिनीवरून उठायला शिकवलं. मला वाटलं होतं हात धरून उठवेल. तिने हात लावला नाही. सतरंजीवर आजींना उताणं झोपवलं आणि सांगितलं, "समजा तुम्ही घरात एकट्या आहात आणि पडलात. दुखापत नाही. आता उठायचं." आधी गुडघे वाकवून कुशीवर वळायचं. मग खालच्या कोपरावर भार देऊन अंग वर. मग दोन्ही हात, दोन्ही गुडघे टेकून रांगायच्या स्थितीत. तसंच खुर्चीपर्यंत सरकत यायचं, दोन्ही तळवे खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचे, जो पाय जोरकस तो पुढे घेऊन पाऊल जमिनीवर सपाट, आणि हातांनी रेटा देत उभं. घाई नाही, मध्ये थांबून श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी सव्वापाच मिनिटं लागली. पाऊल पुढे घेताना साडी टाचेत अडकली तशी सासूबाईंनी ती एका हाताने उचलून कमरेला खोचली. शेतात, विहिरीवर खोचायच्या तशी. ती हालचाल मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

शेजारी बोलायला लागलेच. सासूबाई जिन्यात कपड्यांची छोटी बादली घेऊन गच्चीवर जाताना दिसल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आईला या वयात कामाला लावलंय का रे?" नणंदेचा पुण्याहून फोन आला, आवाज चढलेला. तिला मी म्हटलं, तू चार दिवस ये आणि बघ. ती आली. बघितलं. जाताना आईच्या पाया पडून तिनेच विचारलं, "आई, मलापण शिकव ना ते जमिनीवरून उठायचं." ती बावन्न वर्षांची आहे आणि तिला खाली बसल्यावर सोफ्याचा हात धरल्याशिवाय उठता येत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायचा विषय काढला. एकाच बाजूला कठडा आहे, तोही दुसऱ्या वळणावर निखळलेला. ज्याचा डावा हात अशक्त त्याने उतरताना काय धरायचं? "लिफ्टचा प्रस्ताव चालूच आहे ना, मग कशाला?" असं उत्तर मिळालं. लिफ्ट हवीच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अर्धांगवायू झालाय, त्यांना तिच्याशिवाय पर्याय नाही. पण लिफ्ट येईपर्यंत आणि आल्यावरही जिना राहणार आहे. तो कठडा मी लावून घेणार आहे, वर्गणी कमी पडली तर घरातून भर घालून.

आणि रस्ता. एप्रिलपासून सासूबाई संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जातात. दोनशे पावलं. त्या दोनशे पावलांत फुटपाथ तीनदा संपतो, दोनदा त्यावर मोटारसायकली उभ्या असतात आणि एका ठिकाणी उखडलेले ब्लॉक आहेत. फौजासिंग यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. एकोणनव्वदीला मॅरेथॉन धावायला लागलेले आणि २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन वयाच्या शंभराव्या वर्षी पूर्ण केलेले. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ११४ व्या वर्षी, जालंधरजवळच्या आपल्या गावालगत रस्त्यावर एका गाडीने त्यांना उडवलं आणि ते गेले. ती बातमी आली तेव्हा मी सासूबाईंना वाचून दाखवली नाही. पण त्या दिवसापासून त्या दोनशे पावलांत रस्त्याच्या बाजूने मी चालते आणि आतल्या बाजूने त्या. हात धरत नाही. त्यांना आवडत नाही आणि तोलही बिघडतो.

परवा फिजिओचा दिवस होता. हल्ली ती महिन्यातून एकदाच येते. तीच लाकडी खुर्ची, तीच भिंत. हात छातीवर घडी करून. मोबाइलवर तीस सेकंद लावले. मी ओट्यापाशी उभी राहून मनात मोजत होते. चार, पाच. सहाव्याला त्यांनी ओठ घट्ट मिटले. आठव्याला नवरा दारात येऊन उभा राहिला. नववी पूर्ण झाली. दहाव्या वेळी त्या अर्ध्यावर उठलेल्या असताना घंटी वाजली.

"नऊ," ती मुलगी म्हणाली. "फार छान, आजी. बसा आता."

सासूबाई बसल्या नाहीत. दम खात, एक हात भिंतीला लावून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."